जंगलातल्या 'शाश्वत' लॉजवर मुलांना न्यावं का? आंबोलीच्या तीन रात्रींनंतर

पागोळी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण आंबोलीजवळ जंगलाला खेटून असलेल्या एका लॉजवर तीन रात्री राहून आलो. मी, नवरा, सासरे, नऊ वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा लेक. लॉजचं नाव देत नाही, कारण विषय त्या एका जागेपुरता नाही. सात खोल्या, जांभ्याच्या भिंती, कौलं, एसी नाही, टीव्ही नाही, पाणी तापवायला बंब. जाहिरातीत लिहिलं होतं, 'वर्षावनातला शाश्वत निवास', आणि सौर दिव्यांचाही उल्लेख होता. खोलीला रात्रीचे आठ हजार.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दहापट. ते वाचलं होतं, पण तीन दिवस धुतलेला एकही मोजा वाळला नाही तेव्हा खरं कळलं. पहिल्या दिवशी मुलं रडकुंडीला आली. जळवा, ओल, मोबाईलला रेंज नाही. दुसऱ्या दिवशी दोघं सहा वाजता उठून व्हरांड्यात बसलेली.

त्याला कारण होतं. स्वयंपाकघरामागे पाण्याचं सिमेंटचं टाकं आहे. त्यावर वाकलेल्या फांदीला मुठीएवढा पांढरा फेस चिकटलेला. वाढायला येणाऱ्या गावातल्या मुलाने सांगितलं, हे उडत्या बेडकाचं घरटं, मलबारी बेडकाचं, आज-उद्या पिल्लं सुटतील. लेक दोन संध्याकाळी छत्री धरून तिथे उभी. तिसऱ्या दिवशी सकाळी फेस खालून ओघळायला लागला आणि त्यातून टिचभरही नसलेले काळपट जीव टप् टप् टाक्यात पडायला लागले. सासरे आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत होते. 'हे मी फळ्यावर चाळीस वर्षं काढलं, बघतोय आज,' म्हणाले आणि गप्प झाले.

हिरण्यकेशी नदीच्या उगमाच्या कुंडावर तेच सासरे पाय धुवायला वाकले, तर लेकीने हात धरला. तिथल्या फलकावरून तिला कळलं होतं की या कुंडात 'शिस्तुरा हिरण्यकेशी' नावाचा छोटा मासा आहे. शास्त्रज्ञांनी त्याची नोंद २०२० मध्ये केली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली.

माझं मत स्पष्ट आहे. अशा जागा हव्यात, आणि पैसे साठवून का होईना, मुलांना तिथे न्यायला हवं. घरी आल्यावर मात्र माझी भावजय म्हणाली, 'जंगल वाचवायचं तर जंगलात जाऊन राहू नका.' ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतेय.

बेडूकमित्र

भावजयीच्या बाजूने मी. पंधरा-सोळा वर्षं पावसाळ्यात आंबोलीला जातोय, म्हणून बोलतो.

आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, एक छोटा भेक आहे, झँथोफ्रिन टायग्रिना. शास्त्राला तो २००९ मध्ये कळला. जगात याच टापूत सापडतो आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की जांभ्याच्या खळग्यांत बोट-दोन बोट पाणी साठतं, त्यात तो अंडी घालतो. तेवढेच काही दिवस त्याचे. आणि नेमक्या त्याच दिवसांत 'पहिला पाऊस' साजरा करायला गाड्या थेट सड्यावर चढतात. एक टायर एका खळग्यातून गेलं, की त्या खळग्याचं ते वर्ष संपलं.

तुम्ही उतरलात तो लॉज चांगला असेल. पहिला लॉज नेहमी चांगलाच असतो. त्याचं बरं चाललेलं बघून शेजारच्या उतारावर दुसरा होतो, मग पोहण्याचा तलाव असलेला तिसरा, मग लग्नं लावून देणारा चौथा. रस्ता रुंद होतो, दिवे लागतात, रात्री रस्त्यावर चिरडलेले बेडूक आणि खेकडे मोजवत नाहीत. सात खोल्यांचा हिशेब करू नका, सातव्या लॉजचा करा.

कुंभा

@बेडूकमित्र, सड्याबद्दल शंभर टक्के मान्य. पण लॉज नको तर त्या जमिनीवर काय येणार, हेही सांगा.

माझं आजोळ दोडामार्ग तालुक्यात. लहानपणी आजोळच्या वाटेवर दोन्ही बाजूंना जंगल होतं, आज रबर आणि अननस आहे. एका जातीची ओळीत लावलेली झाडं, खाली पाखरू बोलत नाही. २०२१ च्या जुलैत कळणे गावात खाणीतलं पाणी फुटून लोकांच्या बागायतीत चिखल शिरला. उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली, तरी करवतीचा आवाज आम्ही ऐकतोच. खासगी जंगलाच्या मालकाला झाडं उभी ठेवून वर्षाचे चार पैसे मिळाले नाहीत तर तो ती विकणार. झाड उभं असल्याचे पैसे देणारा गिऱ्हाईक आज एकच आहे, जंगल बघायला येणारा माणूस. त्याला हाकलून लावाल तर मागे उरतो तो लाकडाचा ठेकेदार.

रानजाई

पागोळी, फेसाचं वाचून अंगावर काटा आला. पण काही साधे प्रश्न विचारते, राग मानू नका.

जुलैत तिथे सूर्य किती वेळा दिसला? मग सौर दिवे कशावर चालले? बंबाला लाकूड कुठून येतं? सात खोल्यांचं सांडपाणी कुठे जातं? जांभा दगड सच्छिद्र असतो, शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून झपाट्याने खाली उतरतं आणि खालच्या वाडीच्या झऱ्याला लागतं. रात्री 'जंगल सफर' होती का, आणि तेव्हा बेडूक हातात घेऊन दाखवले का?

शेवटचा प्रश्न माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा. बेडूक कातडीतून पाणी पितो. डास पळवायचं मलम लावलेल्या हातांनी त्याला धरलं की ते मलम तो पितो. मी स्वतः पाहिलंय, फोटो नीट यावा म्हणून चापड्याला, म्हणजे झाडावरच्या त्या विषारी सापाला, काठीने उचलून 'चांगल्या' फांदीवर ठेवतात. ते बघून लहान मूल काय शिकतं?

डॉक्टरकाकू

चापड्याचा विषय निघालाच आहे तर पालकांसाठी सांगते. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. मलबारी चापड्याच्या विषावर त्याचा उपयोग होत नाही. त्याचा चावा सहसा जिवावर बेतत नाही, पण सूज आणि वेदना भयंकर असतात. सावंतवाडी घाटाखाली तीसेक किलोमीटरवर, आणि पावसात घाटात दरड आली तर रस्ता बंद. मुलांना न्यायला माझी ना नाही. मात्र गमबूट, टॉर्च हवेतच, आणि फांदीला हात लावण्याआधी बघायची सवय हवी. लॉजवाल्याला आधी विचारा, रात्री गाडी आणि चालक जागेवर असतो का.

पागोळी

@रानजाई, राग कसला. तुमच्या प्रश्नांची उत्तरं मला देता येईनात, म्हणून काल लॉजच्या मालकांना फोन केला. ते अर्धा तास बोलले.

वीज महावितरणची आणि ती जाते तेव्हा डिझेलचा जनरेटर, रोज संध्याकाळी दोन-अडीच तास. सौर दिवे ऑक्टोबर ते मे. हे जाहिरातीत नाही, आणि ते असायला हवं असं मी त्यांना सांगितलं. लाकूड स्वतःच्या काजूच्या बागेतलं आणि सरपणाला लावलेल्या बाभळीचं. सांडपाण्याला दोन शोषखड्डे आहेत, खालच्या झऱ्याचं पाणी कधी तपासलेलं नाही. इथे ते जरा अडखळले.

रात्रीच्या फेरीत आमच्याबरोबर आलेल्या, त्या जेवण वाढणाऱ्या पोराने कशालाच हात लावला नाही. पण दुसऱ्या गटाबरोबर आलेल्या माणसाने एक बेडूक उचलून बायकांच्या तळहातावर ठेवला होता. मी बघितलं होतं आणि काही बोलले नाही. आज त्याचं वाईट वाटतंय.

सॅनहोजेकर

गेल्या वर्षी मुलांना घेऊन कोस्टारिकात ओसा द्वीपकल्पावर गेलो होतो, कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानाच्या जवळ. भाऊबंद म्हणतील, परदेशाची गाणी गातो. पण तिथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे.

'शाश्वत' हा शब्द तिथे मालकाच्या सद्भावनेवर सोडलेला नाही. १९९७ पासून सरकारी पर्यटन खात्याचं प्रमाणपत्र आहे. पाणी, कचरा, वीज, गावातल्या माणसांना काम, सगळं तपासतात. आणि त्याच वर्षापासून इंधनावरच्या करातून, जंगल राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकार पैसे देतं. म्हणजे @कुंभा म्हणतात तो 'झाड उभं असल्याचा पैसा' पाहुणा आला नाही तरी मिळतो. १९८० च्या दशकात त्या देशात जंगल पाव हिश्शावर आलं होतं, आज निम्म्याहून जास्त आहे.

आपल्याकडे फलक कोणीही लावतो. केंद्राच्या पर्यटन खात्याचे निकष आहेत, पण ते ऐच्छिक.

बेडूकमित्र

@सॅनहोजेकर, आपल्याकडे कागद कमी नाहीत. पश्चिम घाट वाचवण्यासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, त्यानंतरच्या कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. घाटातल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची सहावी मसुदा अधिसूचना ३१ जुलै २०२४ ला निघाली, वायनाडमध्ये दरड कोसळून गावं गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सहाव्यांदा मसुदाच. अंतिम नियम होईपर्यंत नव्या खोल्या थांबवा, एवढंच माझं म्हणणं. पागोळी यांनी फोन केला, प्रामाणिकपणे इथे लिहिलं, याबद्दल त्यांना मानतो. पण किती पाहुणे फोन करतील?

घाटवाट

थांबवा म्हणणं पुण्या-मुंबईत बसून सोपं आहे.

चौकुळचो

वर सगळ्यांनी लिहिलं. आता आमचंही वाचा. गावकारांक इचारता कोण?

मी चौकुळचा, आंबोलीच्या शेजारचं गाव. आंबोली, चौकुळ, गेळे या तीन गावांचा कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्न तुम्ही ऐकला असेल किंवा नसेल. पिढ्यानपिढ्या आम्ही कसतो, राखतो ती जमीन, १९९९ मध्ये सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन' लागलं. त्यावर बँक कर्ज देत नाही. मला दोन खोल्या बांधून न्याहारी-निवास योजनेत जायचं म्हटलं तरी कागद कुठले दाखवू? ज्याच्याकडे स्वच्छ कागदाची जमीन आणि शहरातला पैसा, तोच लॉज काढतो. आमची पोरं तिथे ताटं उचलतात. पागोळीताई, तुमच्या लेकीला फेस दाखवणारा मुलगा कोणाचा तरी नातू असेल, आणि बेडकाची ती माहिती त्याला लॉजने शिकवलेली नाही.

दुसरी बाजू पण सांगतो, लपवत नाही. माझे काका रात्री बॅटरी घेऊन शिकारीला जायचे. माझा पुतण्या आज तीच वाट, तशीच बॅटरी घेऊन चालतो, पाहुण्यांना चापडा दाखवतो आणि फेरीचे पैसे आणतो. काकांना रान डोळे मिटून पाठ होतं, पुतण्यालाही आहे. मधल्या माझ्या पिढीला मुंबईला जावं लागलं म्हणून ते माझ्या हातून सुटलं. तेव्हा 'येऊच नका' म्हणणाऱ्यांनी आमच्या पुतण्याने काय करायचं तेही सांगावं.

सड्यावर गाड्या नकोत, हे आम्हालाच आधी वाटतं. आमची गुरं तिथे चरतात, बाटल्यांच्या काचा त्यांच्या खुरांत जातात.

रानजाई

चौकुळचो, तुमचं वाचून माझा प्रश्नच बदलला. मी लॉज कसा असावा हे विचारत होते. लॉज कोणाचा असावा हे विचारायला हवं होतं.

बेडूकमित्र

मालक गावातला असला म्हणून खळग्यातल्या अंड्यांना फरक पडत नाही, हे मी म्हणणारच. पण ज्याची गुरं सड्यावर चरतात तो सड्यावर गाडी चढू देणार नाही, हेही खरं. नव्या खोल्या थांबवा म्हणालो त्यातून गावच्या घरातली खोली मी वगळतो. बाकी मत कायम.

पागोळी

@चौकुळचो, दादा, तुम्ही बरोबर ओळखलंत. तो मुलगा तुमच्याच बाजूचा आहे. मी त्याला टीप दिली आणि त्याचं आडनावही विचारलं नाही.

'अशा जागा हव्यात' हे माझं वाक्य मी मागे घेत नाही, कारण लेकीने वहीत टाक्याचं चित्र काढून खाली तारीख-वेळ लिहिली आहे, आणि हे तिला पुण्यात बसून कुठूनही मिळालं नसतं. पण पुढच्या पावसाळ्यात त्याच आठ हजारांना त्याच खोलीत जायचं नाही, हे घरात ठरलं. तुमच्या ओळखीत कोणी घरात खोली देतं का? पाच माणसं, सासऱ्यांना गुडघ्यामुळे फार चढ जमत नाही.

चौकुळचो

आमच्याच घरात एक मोठी खोली आहे. न्हाणीघर बाहेर, अंगणातून चार पावलं, पागोळ्याखालून जावं लागतं. आजोबांसाठी कठडा करून घेऊ. जेवण आमची आई करेल, तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, पावसात मिळतील त्या रानभाज्या. जून सरल्यावर या, तोवर सड्यावरची पिल्लं पाण्याबाहेर निघालेली असतात. गाडी तिठ्यावर ठेवा, तिथून पुतण्या घ्यायला येईल.