मदत हवी आहे: दुसरीच्या वर्गाचा नाताळ

नमस्कार मंडळी. मी पुण्यात दुसरीला शिकवते. नाताळच्या सुट्टीआधी मुलांकडून चांदणीचा कंदील करून घ्यायचा आहे. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि वर्गात तो मला नकोच. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मुलांची बोथट कात्री चालत नाही. टोकं चुरगळतात, मुलं हिरमुसतात. पतंगाचा कागद चिकटवायला बांबूच्या तासलेल्या, बोटांत कुसळ न जाणाऱ्या कामट्या हव्यात. बुरूड आळीत कोणी थोड्या संख्येने करून देईल का?

22 डिसेंबरच्या सुमारास दिवस सर्वांत लहान, म्हणून मैदानात सावलीही मोजणार आहोत. पुण्यात तेव्हा साडेबाराच्या सुमारास मीटरभर काठीची सावली साधारण 90 सेंटिमीटर पडते. हे सोपं आहे, जमेल.

खरी अडचण पाहुण्यांची. सांताक्लॉज मुलांना पाठ आहे, पण मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या-चकल्या होतात, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. अशा घरातल्या एखाद्या आजी अर्धा तास येऊन गप्पा मारतील का? रिक्षाने आणण्या-सोडण्याचं मी बघेन. कृपया कळवा.