अनुभव धागा: वाद्याचं वजन (बेस गिटार, ढोल, पेटी, जे खांद्यावर घेतलं ते)

वैनगंगेकाठचा
काल भाच्याचा फोन आला. पुण्याला शिकतो, बेस गिटार (जाड तारांची, खालच्या सुरांची) घ्यायची आहे. दोन पसंत पडल्या, किंमत सारखीच. म्हणे, "मामा, एक साडेतीन किलोची आहे, एक पावणेपाचची. एवढ्यानं फरक पडते का?" मी म्हटलं, खोलीत बसून वाजवशील तर काही नाही. रात्रभर उभा राहशील तर मले विचार.

अन् मंडईचे (आमच्याकडं मंडई म्हणजे गावची जत्रा, भाजीबाजार नाही) दिवसच डोळ्यासमोर आले. दिवाळी झाली की आमच्या भंडारा-गोंदिया-गडचिरोली पट्ट्यात रोज कोणत्या ना कोणत्या गावची मंडई. ऑर्केस्ट्रा रात्री सुरू झाला की कोंबडं आरवेपर्यंत. तबलेवाला बसून, ऑर्गनवाला खुर्चीवर, गाणारा दोन गाणी म्हणून चहाले जाते. बेसवाला मात्र उभा. एकदा स्टूल मागितला तर आयोजक म्हणाले, "बसून वाजवलं तर पब्लिकले वाटते बिमार आहे."

आता खरी गोष्ट. माझी बेस काही फार जड नव्हती, चार किलोच्या आत. पण तिची मान (नेक, म्हणजे तारांचा लांब दांडा) पडे. बॉडी हलकी, तिचं पुढं आलेलं वरचं टोक (शिंग) आखूड, अन् नेकच्या टोकाले, डोक्यावर (हेडवर), तारा पिळायच्या चार मोठ्या लोखंडी चाव्या. हात सोडला की हेड जमिनीकडे. म्हणजे डाव्या हातानं सूरही दाबायचे अन् नेकही उचलून धरायचा. पहाटे खांदा नाही, मनगट दुखे. नंतर एका मित्राची फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसच्या नमुन्यावरची बेस घेतली हातात. काट्यावर माझ्यापेक्षा अर्धा किलो जास्त, पण तिचं शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी) येते, पट्टा तिथं अडकते, म्हणून जिथं ठेवली तिथं राहते. रात्र कशी गेली समजलंच नाही. म्हणून भाच्याले सांगितलं, किलो नंतर पाय, आधी गळ्यात टाकून दोन्ही हात सोड.

तुम्ही काय काय वाहिलं? बेसच पाहिजे असं नाही.

धुमालवाला_पोट्टा
चार किलोले वजन म्हणता का राजेहो! मे महिन्यात, दुपारी, डांबरी रस्ता, गळ्यात ढोल अन् समोर नवरदेवाचा मामा नाचून रायला. "एक गाणं अजून!" त्या मामाचं वजन धरा आधी

वैनगंगेकाठचा
हाओ, मामा लोकांचा तरास आहेच. मी बी मामाच आहे

वर्धेची_ताई
३० इंची स्केलची बेस घ्या. संपलं.
बरं सविस्तर सांगते, कुकर लावलाय तोवर. स्केल म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, नेहमीची बेस ३४ इंची स्केलची असते. माझी उंची पाच फूट. पहिल्या फ्रेटपर्यंत हात ताणून ताणून खांदा वर यायचा, त्यात पट्टा मानेजवळ सरकलेला, बोटांना मुंग्या. शॉर्ट स्केल घेतली तर लांबी कमी, वजन कमी, खांदा आपोआप खाली आला. जाड तार थोडी ढिली वाटते, तेवढं चालते. सासूबाईंनी एकदा उचलून पाहिली अन् म्हणाल्या, "हे तर पोरगं कडेवर घेतल्यावानी झालं. पण पोरगं मोठं झालं की उतरते तरी!"

कापूसवाला_अकोला
ताईच्या सासूबाईले माझा नमस्कार

सागवानी_सुतार
मी वाजवत नाही, बनवतो. म्हणजे एकच बनवली. आमच्याकडे आलापल्लीचं सागवान म्हणजे अभिमानाची गोष्ट, म्हणून गावच्या पोराने हट्ट धरला की बॉडी सागवानाचीच पाहिजे. करून दिली, पॉलिश असं बसलं की तोंड पाहून घ्या त्यात. पण सागवान घनफुटाले १८ किलोच्या आसपास भरते. फेंडरवाले जे अल्डर नावाचं लाकूड वापरतात ते १२-१३. बेसच्या बॉडीले घनफुटाचा सहावा हिस्सा लाकूड लागते असं धरा, म्हणजे नुसत्या लाकडातच जवळजवळ किलोचा फरक. शिसम घेतलं असतं तर अजून वर गेलं असतं. पोरगा आता बसून वाजवते, भजनात. तिथं कोणी बिमार म्हणत नाही.

वैनगंगेकाठचा
दादा आतून पोखरायचं ना थोडं! बाहेर चेंबर्ड बॉडी करतात, आत पोकळ्या ठेवून वरून पातळ फळी चिटकवतात. वजन उतरते

सागवानी_सुतार
सागवान पोखरायचं म्हणता? हात नाही धजत जी.

जुना_रिदमवाला
पण जड बॉडीचा सूर जास्त टिकते म्हणतात ना? आमचे गुरुजी तर हलकी गिटार हातातच घेत नसत.

नागपूरहून_गावी
काका ते अर्धं खरं. नेकचा ताठपणा, ब्रिज (बॉडीवर तारा जिथं टेकतात तो भाग), तारा नव्या की जुन्या, सगळ्याचा हिशोब असते. नुसतं वजन पाहून सांगता येत नाही. अन् मंडईत भोंग्यातून वाजते हो! बेसची सगळ्यात जाड खुली तार ४१ हर्ट्झला, भोंगा तिथवर उतरतच नाही. लोकांना आपला बेस ऐकू येत नाही, फक्त दिसते. मग हलकीच बरी की

वैनगंगेकाठचा
"फक्त दिसते" हे मनाले लागलं रे भाऊ

नागपूरहून_गावी
:) बरं खरं ओझं बेस नाहीच. कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा खोका. १५ इंची स्पीकर, जाड प्लाय, मागे फेराइटचं हे एवढं मॅग्नेट. चौघं मिळून छोट्या हत्तीत (टेम्पोत) चढवायचो, त्यातला एक नेहमी "पाठ दुखते" म्हणून बाजूले (बहुतेक गायकच). आता क्लास डी नावाचे हलके अँप आले, हेड (म्हणजे अँपचा डबा, गिटारचं डोकं नाही) दोन-तीन किलोचं, पिशवीत मावते. निओडिमियम मॅग्नेटचे स्पीकरही हलके. १९६९ मध्ये अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा बेस अँप आला तर ते नुसतं ट्यूबवालं हेडच चाळीस किलोच्या घरात होतं. त्या काळचे बेसवाले काय खात होते कोणास ठाऊक.

धुमालवाला_पोट्टा
झुणका भाकर

बीटल्सवेडा_अमरावती
हलकं म्हणाल तर बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची हॉफनर बेस! व्हायोलिनच्या आकाराची, आतून पोकळ, अडीच किलोच्याही आत. १९६१ मध्ये हॅम्बर्गला घेतली. तो डावखुरा, अन् ती दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणून उलटी धरली तरी विचित्र दिसत नाही हे त्याला आवडलं. ती पहिली बेस १९७२ मध्ये लंडनला गाडीतून चोरीला गेली अन् २०२४ मध्ये परत मिळाल्याचं जाहीर झालं. पन्नास वर्षांनी!

धुमालवाला_पोट्टा
आमचा एक ढोल लाखनीकडच्या वरातीत गेला तो अजून नाही भेटला. अजून ४०-४५ वर्षं वाट पायतो मंग

बीटल्सवेडा_अमरावती
हाहाहा. चोरी झाली का विसरला कोणी?

धुमालवाला_पोट्टा
मामावर डाउट आहे

गुरुदेवभक्त
जय गुरु. आमची खंजिरी बरी बाप्पा. एका हातात धरली की झालं. तुकडोजी महाराजांनी तेवढ्यावरच गावंच्या गावं जागी केली. मोझरीले पुण्यतिथीला या कधी, हजारो लोकं अन् मौन श्रद्धांजली, अंगावर काटा येते.

कापूसवाला_अकोला
सगळे किलोत बोलून रायले. इकडे वजन क्विंटलमध्ये करतो अन् तरी हातात काही येत नाही. तुमच्याकडे कापसाले काय भाव चालू आहे?

जुना_रिदमवाला
आमच्याकडे धान भाऊ, कापूस नाही. धानाचंही तेच.

वर्धेची_ताई
मागे एकदा सात हजाराच्या आसपास ऐकलं होतं सेलूत, ओलं म्हणून कापतात वरून. परत येते, भाजी टाकते.

भाचा_स्वतः
मामाने लिंक पाठवली म्हणून आलो. दुकानात दोन्ही हात सोडून पाहिले. पावणेपाचवाली हलली नाही. साडेतीनवालीचं हेड खाली गेलं. पण ती दिसायला जबरदस्त आहे... काळी. काय करू?

नागपूरहून_गावी
काळीच घ्यायची असेल तर उपाय आहेत. चाव्या बदलून हलक्या लाव, डोक्यावरचे शंभर-दोनशे ग्रॅम कमी झाले तरी समजते. पट्टा रुंद घे, तीन-चार इंची, आतून खरखरीत चामड्याचा, कापडाला धरून ठेवते. नायलॉनचा गुळगुळीत पट्टा सगळ्यात वाईट, सरकते. नाहीतर स्टाइनबर्गर कंपनीसारखी बिनडोक्याचीच पाहा, चाव्या खालच्या टोकाला. पडायला डोकंच नाही.

वैनगंगेकाठचा
बिनडोक्याची नको. घरात आधीच एक आहे (तो वाचून रायला)

भाचा_स्वतः
मामा!!

वर्धेची_ताई
आले. पट्टा विकत कशाला, चपला शिवणाऱ्या दादांकडून करून घे. माझा तिथलाच आहे, आत जुन्या जॅकेटचं अस्तर लावलंय, मस्त चालते.

जुना_रिदमवाला
सागवानवाल्या दादा, एक विचारायचं होतं. पेटीचा भाता फुटला आहे, तुमच्याकडे होते का ते काम?

सागवानी_सुतार
भाता नाही जी, लाकडाचं काम होते. आमच्या गावची मंडई भाऊबीजेच्या नंतर आहे, तेव्हा घेऊन या, शेजारच्या गावचा पेटीवाला येते. त्याले दाखवू.

जुना_रिदमवाला
येतो. मुक्कामाची सोय?

सागवानी_सुतार
रात्रभर नाटक आहे, झोपायचं कायले?