वर्षावासात असलेल्या मुलाला घरचे दुखणे कळवावे का?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना जय भीम, नमो बुद्धाय.

आमचे साडेचार एकर कोरडवाहू वावर आहे, त्यात कापूस आणि तूर. मुलाने दहा दिवसांच्या श्रामणेर (शिकाऊ भिक्खू) शिबिरात पहिल्यांदा चीवर घातले तेव्हा तो परत येईल असे आम्ही धरून चाललो होतो आणि तो आलाही. मात्र दोन वर्षांनी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने उपसंपदेसाठी, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्यासाठी, आमची अनुज्ञा मागितली आणि आम्ही दोघांनी ती मनापासून दिली. आता तो बोधगयेच्या बाजूला राहून तिकडच्या खेड्यांत धम्मप्रचार करतो. मुलगीही गेल्या वर्षी अनागारिका (घर सोडून धम्मकार्य करणारी उपासिका) झाली असून बालाघाटकडे मुलांचे धम्मवर्ग घेते. विहारात कार्यक्रम असला की कोणी ना कोणी म्हणतेच, की तुमच्या घरी महेंद्र आणि संघमित्रा, सम्राट अशोकाची धम्मप्रचारक मुले, जन्मली. त्या क्षणी अभिमान वाटतो, आणि रात्री दोघांच्याच भाकरी थापताना तोच शब्द जड होतो.

मुलगा दोन वर्षांत एकदाच घरी आला. आम्ही त्याला आसन दिले, तीनदा वंदन केले, बाराच्या आत भोजनदान केले. त्या दिवशी मी त्याला भंतेजी म्हणाले आणि ते जमलेही. पण त्याचे खांदे उतरलेले दिसत असताना ‘तू नीट जेवतोस का’ हे विचारणे योग्य की अयोग्य, एवढ्या एका गोष्टीपाशी मी अडले आणि विचारलेच नाही.

आता मूळ प्रश्न. पोळ्याच्या आदल्या दिवशी नाल्यावर बैल धुताना यजमानांचा पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होऊन आत सळई बसवली आहे. तीन आठवडे झाले, ते पलंगावरच आहेत. डवरणी आणि फवारणी दिराने सांभाळली. वर्षावासात, म्हणजे अश्विन पौर्णिमेपर्यंतच्या पावसाळी मुक्कामात, भिक्खूला एकाच ठिकाणी राहावे लागते हे माहीत असल्यामुळे मुलाला कळवले नाही, आणि त्याला कळू नये म्हणून मुलीलाही सांगितले नाही. दर रविवारी तिचा फोन येतो, यजमान निजल्या निजल्या बोलतात आणि मी ‘सगळे ठीक आहे’ म्हणते. त्याच संध्याकाळी विहारात सर्वांबरोबर ‘मुसावादा वेरमणी’ (खोटे बोलणार नाही) म्हणताना माझा आवाज निघत नाही. अश्विन पौर्णिमेपर्यंत गप्प राहावे, की सांगावे?

उत्तर १ (मेहकर, जि. बुलढाणा)

ताई, माझी मुलगी सहा वर्षांपासून धम्मकार्यासाठी बाहेर आहे. माझी आई गेली तेव्हा, तिच्या कामात खंड नको म्हणून, आम्ही तिला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकल्यावर कळवले. तिने दोषाचा एकही शब्द काढला नाही. एवढेच विचारले, की आजीच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्यासाठी परित्राण पाठ (रक्षणासाठी म्हणायची सुत्ते) म्हटला असता, तो तुम्ही माझ्याकडून का काढून घेतलात? मी अजून त्याचे उत्तर देऊ शकलेलो नाही. आपण त्यांना सांभाळतो आहोत असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात आपण स्वतःला त्यांच्या दुःखाच्या दर्शनापासून सांभाळत असतो. मुलीला आजच सांगा. तिला तर वर्षावासाचेही बंधन नाही.

उत्तर २ (विहारात विनयाचा अभ्यासवर्ग घेणारा, नागपूर ग्रामीण)

आपण ज्या नियमामुळे थांबला आहात, त्याच नियमात आपल्यासाठी वाट ठेवलेली आहे. विनयातील (भिक्खूंच्या नियमग्रंथातील) महावग्ग या भागात वर्षावासाच्या प्रकरणात सात दिवसांच्या कामासाठी निवास सोडण्याची मुभा आहे. दायकांसाठी (दान देणाऱ्या उपासकांसाठी) किंवा इतर नातलगांसाठी जायचे असेल तर निरोप यावा लागतो. मात्र आई किंवा वडील आजारी असतील तर निरोप आला नसला तरी जावे, मग आला असल्यास जावे हे काय सांगायला हवे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. सात दिवसांत परतले की वर्षावास भंगत नाही.

अनुज्ञेचा नियमही एका घरच्या दुःखातूनच आला. बुद्धांचा मुलगा राहुल याला प्रव्रज्या (घर सोडून संघात प्रवेश) दिली गेली तेव्हा बुद्धांचे वडील शुद्धोदन यांनी बुद्धांपुढे सांगितले, की पुत्रप्रेम कातडी छेदते, मांस आणि हाड छेदून मज्जेपर्यंत पोचते. आणि त्यानंतर आईवडिलांच्या अनुज्ञेशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. आपल्या मुलालाही उपसंपदेच्या वेळी हा प्रश्न सर्वांसमोर विचारला गेला असेल.

महेंद्राचे नाव निघालेच आहे, तर श्रीलंकेची परंपरा हेही सांगते, की तिकडे जाण्यापूर्वी ते विदिशेला आपल्या आईला भेटून गेले.

उत्तर ३ (मोर्शी, जि. अमरावती)

नियमाबद्दल दुमत नाही, पण मला थोडे वेगळे वाटते. माझा भाऊ भिक्खू आहे. घरून प्रत्येक तापाची, प्रत्येक भांडणाची बातमी जात राहिली आणि त्याचे पाय दोन्हीकडे ओढले गेले, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून कळवताना ‘या’ असे म्हणू नका; काय झाले आणि आता प्रकृती कशी आहे एवढेच सांगा, निर्णय त्याचा आणि त्याच्या गुरूंचा असू द्या. आणखी एक, तुमच्या यजमानांना काय वाटते ते तुम्ही लिहिलेले नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. शेवटच्या वाक्यामुळे मी थांबले, कारण खरोखरच मी त्यांना विचारले नव्हते. विचारल्यावर ते बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, की तुला त्रास होईल म्हणून मीच बोललो नाही. मुलीला रात्रीच फोन केला, ती काल आली. मुलाला ‘या’ म्हटले नाही. त्याने गुरूंना विचारून स्वतःच सांगितले की सोमवारी पोचतो, गुरुवारी निघेन.

एक शंका उरली आहे. यजमानांना उठता येत नाही, आणि भंतेजींपुढे निजून राहायचे या विचाराने ते कालपासून अस्वस्थ आहेत.

उत्तर २ देणारा

त्यांनी निजूनच हात जोडावेत, वंदन पूर्ण होते. निजलेल्या माणसाला धम्म सांगू नये असा भिक्खूंचा नियम आहे खरा, पण त्यात आजारी माणूस वगळलेला आहे. आसन पलंगाच्या उशाशी मांडा. आणि ‘नीट जेवता का’ हे या वेळी अवश्य विचारा, त्याला विनयात कुठेही मनाई नाही.