वनौषधी घेणारे किडनीचे रुग्ण जास्त जगतात, हा निष्कर्ष कितपत टिकतो?

दुर्बीण: तैवानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींवरच्या काही अभ्यासांत, दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात डॉक्टरांनी लिहून दिलेली चिनी वनौषधी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू किंवा डायलिसिसचं प्रमाण कमी दिसलंय. उलट केडिगो या किडनीविकारांवर मार्गदर्शिका काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2012च्या मार्गदर्शिकेत म्हटलं होतं, या रुग्णांनी वनौषधी घेऊच नयेत. मग धरायचं काय? आणि रुग्ण घेतच असेल तर तपासायचं काय?

अंशछेद: आधी 'घेणारा' कोणाला म्हटलंय ते बघा. समजा, निदानानंतर एकूण 30 दिवस औषध घेतलं तो 'घेणारा'. एखाद्याने आठव्या महिन्यात सुरुवात केली, तर तोवर तो जिवंत असणारच. आधी दगावला असता तर 'न घेणाऱ्यां'त गणला गेला असता. हे आठ महिने घेणाऱ्यांच्या खात्यात फुकट जमा होतात. औषध सुरू होईपर्यंतचा काळ 'न घेणाऱ्यां'त मोजला की ही चूक टळते. तसं केलंय का, ते शोधनिबंधाच्या पद्धतीच्या भागात कळतं. शिवाय ओकाऱ्या, सूज, धाप असलेला रुग्ण वैद्याकडे न जाता थेट डायलिसिसला जातो. म्हणजे जास्त आजारी माणसं 'न घेणाऱ्यां'त जातात. विम्याच्या नोंदींत क्रिएटिनिनचे (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनी बिघडली की साचणारा घटक) आकडेच नसतात, त्यामुळे हा फरक गणिताने पुरता पुसता येत नाही.

खलबत्ता: गणित पटलं, पण खरा घोळ 'वनौषधी' या एका शब्दात आहे. विम्यातून मिळते ती मुख्यतः कारखान्यात बनलेली अर्काची भुकटी. सुटी मुळं, पाला, निनावी पुड्या यांना तो निष्कर्ष लागू होत नाही. बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात एका मुळीऐवजी मिळत्याजुळत्या चिनी नावाची ॲरिस्टोलोकिया ही किडनीला विषारी वनस्पती गेली. 1993मध्ये किडन्या निकामी झाल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे मूत्रमार्गाचे कर्करोगही निघाले. तैवानने अशा वनस्पतींवर 2003मध्ये बंदी घातली.

घेतच असेल तर लेबलवर वनस्पतीचं लॅटिन नाव आणि कोणता भाग वापरलाय ते हवं. नसेल तर घेऊ नये. एका वेळी एकच नवं औषध. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, पोटॅशियम, रक्तदाब, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं, नोनीच्या रसाने पोटॅशियम चढतं. सेंट जॉन्स वर्ट या नैराश्यावर घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीने टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन या नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांची रक्तातली पातळी घसरते, म्हणजे किडनी बदललेल्यांना ते वर्ज्य. सांधेदुखीच्या पुडीने तासाभरात आराम पडला तर आत वेदनाशामक मिसळल्याचा संशय धरावा. तेही किडनीला मारक.

दुर्बीण: आणि क्रिएटिनिन उतरलं तर औषध लागू पडलं समजायचं?

खलबत्ता: लगेच नाही. जेवण तुटलं, स्नायू झिजले तरी ते उतरतं. वजन बघा, सिस्टॅटिन सी ही किडनीचं काम मोजणारी दुसरी रक्ततपासणी करून घ्या. त्यावर स्नायूंचा प्रभाव फार कमी असतो.