चलनात न आलेलं नाणं संग्रहात कशाला?

खुर्दा:
आवडतं नाणं कोणतं म्हटलं की हल्ली निम्मी मंडळी मखमली डबीतल्या स्मारक नाण्याचा फोटो टाकतात. शंभराचं, दीडशेचं, हजाराचं. टाकसाळीतून निघालं ते थेट कपाटात. स्पष्टच सांगतो, जे कधी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं नाही त्याला मी नाणं मानत नाही, ते पदक. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून काढलेलं २०१०चं हजाराचं नाणं घ्या. ३५ ग्रॅम, ऐंशी टक्के चांदी. पण ते देऊन कुणी किराणा भरलाय? टाकसाळीनेच ते हजाराहून कितीतरी जास्त घेऊन विकलं. म्हणजे खरी किंमत नाण्यावर नाही, पावतीवर.

माझं आवडतं नाणं दुदांडी शिवराई. पेशवाईतलं तांबं, मधल्या दोन आडव्या दांड्यांवरून नाव पडलं. शिवाजी महाराज जाऊन शंभर वर्षं उलटली, कारभार पुण्यात आला, तरी बाजारातल्या तांब्यावर नाव त्यांचंच. पेशवाई बुडाली तरी ती चालतच राहिली. माझ्याकडच्या शिवराईची एक कड इतकी झिजलीय की बोट आपोआप तिथेच जातं. ती झीज मला अक्षरांइतकीच वाचावीशी वाटते.

कोरी करकरीत:
झीज वाचा हो, पण मग नाण्यावरचं काय वाचणार? बहुतेक शिवराई नाण्यांवर ठसा मोठा आणि चकती लहान. त्यात आधीच अर्धा मजकूर बाहेर गेलेला, वर दोनशे वर्षांची घासाघीस. 'श्री राजा शिव छत्रपति'पैकी हातात उरतो 'राजा'तला 'जा' आणि कडेचे चार ठिपके. 'शिव'ऐवजी 'सिव', 'पति'ऐवजी 'पती' असे फरक पाहूनच शिवराईचे प्रकार लावतात ना? ते दिसायला न झिजलेला नमुनाच लागतो.

आणि आपल्याला जुनं जे मिळालंय ते मुळात कसं मिळालं? नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी एकदम सापडली. कुणीतरी ती पुरून ठेवली म्हणून. फिरत राहिली असती तर कधीच वितळली असती.

खुर्दा:
जोगलटेंभीचं उदाहरण देऊन तुम्ही माझंच काम सोपं केलंत. ती नाणी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यांतल्या हजारोंवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप मारलेली. ती वितळवून नवी पाडता आली असती, पण नाही. जुन्याच नाण्यावर एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या चार टोकांना चार गोल, ठोकलं. नीट बघितलं तर डोंगराखालून नहपानाचं नाक डोकावतं. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्याच्या नावाने चालवायचा होता म्हणूनच हा खटाटोप. पुरलं गेलं ते नंतर. तुमच्या डबीतल्या हजाराच्या नाण्यावर दुसरी छाप मारायची गरज कुणाला पडणार आहे?

अधेली:
दादा, तुमच्या व्याख्येत माझं नाणं कुठे बसवताय ते सांगा. १९६८ ते ७१ मधलं पितळी रंगाचं २० पैशांचं, कमळाचं. निघालं ते रोजच्या व्यवहारासाठीच. पण त्यात सोनं आहे अशी आवई उठली आणि कमळ म्हणजे लक्ष्मी, मग काय, बायकांनी गल्ल्यातून वेचून वेचून ती देव्हाऱ्यात नेली. सोन्याचा कणही नाही त्यात. आमच्याकडची अकरा अजून लक्ष्मीपूजनाच्या ताटात असतात. कमळाच्या पाकळ्यांत हळद अशी बसलीय की ती काढायचा विचारही मनात येत नाही. दुकानात ती फारशी फिरलीच नाहीत. मग ही पदकं म्हणायची का?

खुर्दा:
ताई, ती लोकांनी चलनातून काढली, सरकारने नाही. मला हा फरक पुरेसा वाटतो.

कोरी करकरीत:
हे मात्र सोयीचं झालं! देव्हाऱ्यात गेलं तर नाणं, कपाटात गेलं तर पदक.

टाकसाळकर:
खुर्दासाहेबांचा रोख स्मारक नाण्यांवर असेल तर निशाणा चुकलाय. १९६४चा नेहरूंचा रुपया, १९९०चा बाबासाहेबांचा रुपया, १९९९ची महाराजांची दोन रुपयांची आणि ज्ञानेश्वरांची रुपयाची नाणी आपण सगळ्यांनी एसटीच्या कंडक्टरकडून सुट्ट्यात घेतलीत. स्मारक असूनही फिरली. आणि प्रूफ नाण्याला, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्याला, हिणवण्याआधी एक भिंगाखाली धरा. चकती आणि ठसा दोन्ही पॉलिश केलेले, आघात एकाहून जास्त वेळा. मागची जमीन आरशासारखी, चित्र दुधट. ही कारागिरी चलनी नाण्यात सापडायची नाही, कारण ती पोत्यांनी पाडायची असतात.

दुसरं जरा कडू आहे. 'हाताळलेलं, अस्सल, जुनं' याच्या हौसेवरच बनावटवाले पोसले जातात. गडांच्या पायथ्याशी होन, म्हणजे शिवकालीन सोन्याचं नाणं, म्हणून पितळी चकत्या खपतात. आणि खरी असतील ती कुठून येतात, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? शेत नांगरताना सापडलेला नाण्यांचा हंडा १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तो परस्पर फुटला की नाणी आपल्या अल्बममध्ये येतात. पण ती कशात होती, सोबत काय होतं, कुठल्या राजाची किती, सगळं गेलं. डबीतल्या नाण्यामुळे निदान इतिहासाचं नुकसान होत नाही.

खुर्दा:
हंड्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मातीचा वास असलेला ढीग कुणी दाखवला तर मी उठून जातो. पण शिवराईला हंडा लागत नाही हो. ती सामान्य माणसाचा पैसा होती, जुन्या घरांतल्या डब्यांतून आजही निघते. पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, झिजलेली शिवराई फार महाग पडत नाही. कारागिरी बघायची तर दागिने आहेतच की.

अधेली:
जुन्या बाजारातल्या शिवराया हल्ली लालभडक चकचकीत दिसतात. चिंचेने घासलेल्या घ्याव्यात का?

कोरी करकरीत:
चमकदार नाणी आवडत असूनही मी नाहीच म्हणेन. घासलेलं तांबं कोरं होत नाही, फक्त सोललं जातं. काळपट तपकिरी पुट आहे तसंच असू द्या. हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, ती पसरते.

खुर्दा:
यावर आमचं भांडण नाही. पण मग सांगा, ते पुट तुमच्या डबीतल्या नाण्यावर कधी चढणार?