प्राचीन रोमची मेजवानीतील गाणी: हरवलेल्या काव्याला पुरावा मानावे का?

मूळ मत
इ.स.पू. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक केटोच्या कितीतरी पिढ्या आधी मेजवानीला बसलेले पाहुणे पाव्याच्या साथीवर आळीपाळीने थोर पुरुषांची स्तुती गात असत, असे केटोने ‘ओरिजिनेस’ या इतिहासग्रंथात नोंदवल्याचे रोमन वक्ता सिसेरो सांगतो आणि ती गाणी उरली नाहीत म्हणून हळहळतो. आरंभीच्या लॅटिन मौखिक काव्याच्या अभ्यासकाने हा उल्लेख पायाभूत मानावा, असे मला ठामपणे वाटते. लॅटिन साहित्याचा आरंभ इ.स.पू. २४० मधील लिव्हियस आन्द्रोनिकसच्या नाटकापासून मोजला जातो. परंतु त्यानेच होमरची ‘ओडिसी’ लॅटिनमध्ये आणताना ग्रीक वृत्त न घेता सॅटर्नियन हे जुने लॅटिन वृत्त वापरले. हे वृत्त त्याच्याआधी कोणाच्या तरी तोंडी रुळलेले असल्याशिवाय हे कसे शक्य झाले?

प्रतिसाद १ (असहमत)
वृत्त रुळलेले होते एवढ्यावरून वीरगाथा होत्या असे ठरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन इतिहासकार नीबूरने याच उल्लेखाच्या आधारे रोमच्या राजांच्या कथा लोकगीतांतून आल्या असे मांडले आणि १८४२ मध्ये इंग्रज लेखक मेकॉलेने तशी गाणी इंग्रजीत स्वतःच रचली. मूळ गाण्याची मात्र एकही ओळ कोणाला सापडलेली नाही. केटोनेही ती ऐकली नव्हती. शिवाय ग्रीकांच्या पानगोष्ठीतही (मद्यपानाच्या बैठकीतही) पाहुणे आळीपाळीने गात, त्यामुळे रोमचे हे चित्र त्या नमुन्यावर बेतले गेले असण्याची शंका उरतेच.

प्रतिसाद २ (मूळ मताचे लेखक)
नीबूरच्या इतिहासाचे समर्थन मी करत नाही. माझा दावा काव्याच्या घडणीपुरता आहे. आर्वल या रोमन पुरोहितमंडळाचे गीत इ.स. २१८ च्या शिलालेखात कोरलेले मिळाले असून त्यातील ओळी तीन-तीनदा येतात. केटोने शेतीवरील ग्रंथात दिलेल्या मार्स देवाच्या प्रार्थनेत अनुप्रास आणि जोडशब्द भरलेले आहेत. ही कानासाठी घडवलेली भाषा आहे.

प्रतिसाद ३ (असहमत)
हे सारे विधीचे पाठ आहेत. त्यांत अक्षरही बदलू नये हा दंडक असल्यामुळेच, रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन सांगतो त्याप्रमाणे, सालियन या दुसऱ्या मंडळातील पुरोहितांना स्वतःच्या गीताचा अर्थ जेमतेम कळत असे. याउलट मौखिक काव्याचा अभ्यासक मिलमन पॅरीने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात ऐकलेले गायक प्रत्येक वेळी गाथा नव्याने बांधत होते. एका प्रकारावरून दुसऱ्याचे अनुमान काढता येणार नाही.

प्रतिसाद ४ (सहमत)
हा भेद मान्य करूनही केटोनंतरचा रोमन विद्वान वॅरो याची साक्ष उरते. त्याच्या म्हणण्यानुसार मेजवानीत मुले पूर्वजांची स्तुतिगीते गात, कधी नुसत्या आवाजात तर कधी पाव्यावर. केटोच्या वर्णनात गाणारे पाहुणे आहेत. वॅरोने केवळ केटोचेच म्हणणे उतरवले असते, तर हा फरक पडला नसता.