फियाट ११०० डी: डायनामोच्या जागी अल्टरनेटर घालताना वायरिंग बदलावं लागतं का?

वेंगुर्ल्याची_फियाट

नमस्कार मंडळी. वडिलांची १९६८ ची फियाट ११०० डी आमच्याकडे वेंगुर्ल्यात आहे. झाकून ठेवलेली नाही, रोज बाजारात जाते. दिवसा काही तक्रार नाही. पण पावसात, रात्रीच्या वेळी आंबोली घाट म्हटला की पोटात गोळा येतो. दाणोली सोडली की धुकं, पुढे ट्रक, गाडी रांगत चाललेली. हेडलाइट आणि वायपर चालू असले की चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. ब्रेक दाबला की उजेड पिवळा पडतो आणि वायपर काचेवर मधेच रेंगाळतो. कुडाळच्या वायरमनने डायनामोचे (गाडीत वीज तयार करणाऱ्या जुन्या यंत्राचे) कार्बन आणि कटआउट (बॅटरीतला करंट उलटा डायनामोत जाऊ न देणारा स्विच) तपासले, दोन्ही ठीक आहेत. तो म्हणतो, मारुती ८०० चा अल्टरनेटर (तेच काम करणारं नवं यंत्र) घालू, वायरिंग आहे तेच राहू दे. गाडी कापायची माझी अजिबात तयारी नाही. वायरिंग खरंच तसंच ठेवून चालेल?

घाटमाथा_ते_बंदर

अल्टरनेटर घाला, पण वायरिंग तसंच ठेवू नका. मी रत्नागिरीत जुन्या गाड्यांचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब बघा. हॅलोजन असतील तर दोन हेडलाइटना ९-१० ॲम्पिअर, वायपरला ३-४, इग्निशनला तेवढेच, मागचे-बाजूचे दिवे २, आणि ब्रेक दाबला की आणखी साडेतीन. बेरीज २० च्या पुढे जाते. त्या काळातला डायनामो जोरात फिरला तर जेमतेम २०-२२ देतो आणि इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असताना जवळजवळ काहीच नाही. ट्रकमागे तुम्ही रांगता तेव्हा सगळा भार बॅटरीवर असतो. म्हणजे तुमचा डायनामो बिघडलेला नाही, त्याची ताकदच तेवढी.

डायनामोत मोठा करंट फिरत्या आर्मेचरमधून (आतल्या तांब्याच्या गुंडाळीतून) कार्बनवाटे बाहेर येतो, म्हणून त्याला फार वेगाने फिरवता येत नाही. अल्टरनेटरमध्ये मोठा करंट स्थिर भागात तयार होतो, कार्बनमधून फक्त फील्डचा (चुंबक तयार करणारा) थोडासा जातो. त्यामुळे पुली लहान ठेवून तो वेगात फिरवता येतो आणि आयडललाही चार्जिंग मिळतं. उलटा करंट डायोडच (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) अडवतात, कटआउटची गरज उरत नाही.

आता वायरिंग. डायनामोची जुनी वायर २२ ॲम्पिअरच्या हिशेबाची. त्यातून ४० गेले तर ती तापणार. अल्टरनेटरच्या बी टर्मिनलपासून (मुख्य करंट बाहेर येतो तिथून) सेल्फच्या सोलेनॉइडच्या (स्टार्टर मोटरच्या मोठ्या स्विचच्या) बॅटरीकडच्या बोल्टपर्यंत नवी १० स्क्वेअर एमएमची वायर ओढा आणि मधे फ्यूज टाका. लाल दिव्याची वायर एल टर्मिनलला जोडा. तो बल्ब साधा फिलामेंटचाच असू दे, एलईडी नको. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचं फील्ड त्या बल्बमधूनच मिळतं. पुली व्ही बेल्टची हवी. नव्या अल्टरनेटरवर बारीक खाचांची येते, ती बदलून घ्या आणि तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा. याच बेल्टवर तुमचा वॉटर पंपही आहे.

पण आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात महत्त्वाचं अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट. खाऱ्या हवेत लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) आत हिरवा गंज चढतो, वरून टेप चकचकीत दिसते. टेप सोडून वायर दोन बोटं सोला. तांब्याच्या तारा काळ्या पडल्या असतील तर ती वायर गेलेली समजा. इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते बॉडी, दोन्ही पट्टे नवे घाला, बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. कल्हई केलेल्या तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्या, इथे जास्त टिकते. हे केलं नाही तर ४५ ॲम्पिअरचा अल्टरनेटर घालूनही दिवे पिवळेच राहतील.

मालवणी_अँबॅसेडर

वरच्यांनी सगळा बरोबर सांगितल्यानी. माझा एकच म्हणणा, काढलेलो डायनामो भंगारात घालू नकात. कटआउट पण जाग्यावरच ऱ्हवांदे, नुसते वायरी सोडा.

जुनी अँबॅसेडर असलेल्यांसाठी: सुरुवातीच्या काही गाड्या पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेल्या) आहेत. ते न बघता अल्टरनेटर जोडलात तर डायोड तिथल्या तिथे जळतील. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीच काढायची नाही. डायनामोवर खपून गेलेली सवय अल्टरनेटरवर खपत नाही.

वेंगुर्ल्याची_फियाट

मनापासून आभार. वायरमनला हे सगळं दाखवतो. काम झाल्यावर बरोबर झालं की नाही हे घरी कसं तपासू? आणि गाडी पन्नाशीच्या पुढची आहे, व्हिंटेज नोंदणीला अडचण येईल का?

घाटमाथा_ते_बंदर

मल्टीमीटर घ्या. इंजिन थोडं रेस करून, हेडलाइट-वायपर चालू ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. मग मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग अजून कच्चं आहे. बी टर्मिनल ते बॅटरी पॉझिटिव्ह असंही एकदा मोजा.

नोंदणीचं म्हणाल तर २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी लागते, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल चालत नाही. ब्रॅकेट डायनामोच्याच भोकांवर बोल्टने बसेल असं लेथवाल्याकडून करून घ्या, कुठेही वेल्डिंग नको. तपासणीच्या आधी तासाभरात डायनामो परत चढवता येतो.